भोंगा त्यांचा, बोर्ड आमचा

माझा पुतण्या जिवंत आहे. फौजेत आहे, धडधाकट आहे, सुट्टीला आला की पहाटे उठून जोर-बैठका मारतो आणि दुपारी माझ्या बायकोच्या हातच्या रश्श्याला नावं ठेवत वाटीवर वाटी रिचवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. आमच्या गावानं मात्र त्याला एकदा मारला होता. हार घालून, स्पीकर लावून मारला होता. आज टपरीवर लोक ती गोष्ट गंमत म्हणून सांगतात, आणि मी समोर दिसलो की म्हणतात, तात्या, पोराचं आयुष्य वाढलं की. मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, असा आमच्याकडं समज आहे. वाढलं असेल. माझं तेवढंच कमी झालं, आणि ज्यांनी ते कमी केलं त्यांच्यावरचा राग अजून उतरलेला नाही.

आमचं गाव कुरुंदवाडच्या अलीकडं, नदीकाठाला. ऊस, म्हशी आणि गल्लीगल्लीत एखादा तरी फौजी. मी फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या गेटवर असतो. थोरला भाऊ लवकर गेला, त्याचा हा एकुलता एक पोरगा. वहिनी, तिची सून आणि आम्ही नवरा-बायको शेजारी शेजारी राहतो. मधलं दार कधी लावलेलं मला आठवत नाही.

माझी अर्धी नोकरी तारा, बॅटऱ्या आणि भोंगे सांभाळण्यात गेली. सीमेवर एका ठिकाणी आमची चौकी आणि त्यांची चौकी इतकी जवळ होती की त्यांच्याकडं कसली फोडणी पडली ते आम्हाला वासावरनं कळायचं. संध्याकाळ झाली की त्यांचा भोंगा सुरू व्हायचा. आधी जुनी हिंदी गाणी, मग एका बाईचा गोड आवाज. तुमचे साहेब खाली गरम खोलीत बसलेत आणि तुम्ही इथं बर्फात. तुमच्या गावाकडं पूर आलाय, तुमची माणसं कुठं असतील कुणास ठाऊक. पूर खरोखरच आलेला असायचा, हेच त्यातलं विष. मी सोवळेपणानं बोलत नाही. आमच्याकडंही भोंगा होता आणि त्याच्या बॅटऱ्या मीच चार्ज करायचो. म्हणून या धंद्याची रीत मला माहीत आहे. खोटं कधी नुसतं सोडत नाहीत, त्याच्याखाली आधी खऱ्याचं अंथरूण घालतात. आणि ऐकणारा फसला नाही तरी चालतं, त्यानं ते पुढं सांगितलं की काम झालं.

आमचे सुभेदार मोठे वस्ताद होते. भोंगा सुरू झाला की ते सगळ्यांना लसूण सोलायला बसवायचे. कानाला कुलूप लावता येत नाही, ऐका म्हणायचे, पण शेजारच्या मोर्च्यावर जाऊन त्यातलं अक्षर बोलायचं नाही. त्यांचं एक वाक्य माझ्या कानात अजून आहे. "भोंगा त्यांचा असू दे, तोंड आपलं नको."

एकदा आमच्यातल्याच एकानं पुराचं ते बोलणं पुढच्या मोर्च्यावर सांगितलं. तिथला जवान नदीकाठचाच होता. त्यानं ती सगळी पाळी मागं बघत काढली. समोर शत्रू, आणि गडी आपल्या घराच्या दिशेला तोंड करून उभा. सुभेदारांनी त्याला खाली पाठवला, कारण असा माणूस स्वतःही मरतो आणि शेजारच्यालाही घेऊन जातो. शत्रूला गोळी खर्च करावी लागली नव्हती.

आता गावाकडची गोष्ट. आमच्याकडं बारशापासून बाराव्यापर्यंत सगळं डिजिटल बोर्डावर होतं. एखाद्याचा बैल शर्यतीत पहिला आला तरी चौकात बैलाचा फोटो, बैलाखाली मालक आणि मालकाखाली शुभेच्छुक म्हणून अर्धं गाव. पुतण्याला फौजेत नायक म्हणून बढती मिळाली तेव्हा तरुण मंडळानं त्याचाही बोर्ड लावला. वर्दीतला फोटो, नाव, हुद्दा, पलटण, एवढ्यावर भागलं नाही. तो कुठल्या भागात तैनात आहे तेही खाली मोठ्या अक्षरात, आणि पुढं "शत्रूच्या उरात धडकी भरवणारा वाघ". कोपऱ्यात मंडळाच्या खुणेचा वाघाचा पंजा. मी मंडळाच्या अध्यक्षाला सांगितलं की खालची ओळ काढ, असं चौकात लिहीत नाहीत. अध्यक्ष चाळिशी उलटलेला, पुढच्या ग्रामपंचायतीवर डोळा ठेवून असलेला माणूस. अभिमानाची गोष्ट कशाला लपवायची, म्हणाला. बोर्डाचा फोटो त्यानं स्टेटसला ठेवला, तिथनं तो ग्रुपवर गेला, ग्रुपवरनं कुठं गेला ते त्यालाच ठाऊक नव्हतं. शत्रूला हेर पाठवायची गरजच काय? आम्ही रंगीत छापून देतो.

पुढं सीमेवर पेटलं. टीव्हीवरचे लोक स्टुडिओत बसून शहरं जिंकत होते. पुतण्याचा फोन लागायचा बंद झाला. मी घरात बसवून सांगितलं की अशा वेळी पोरांचे फोन जमा करून घेतात. फोन नाही म्हणजे तो कामावर आहे, एवढंच धरायचं. वाईट काही असलं तर पलटणीकडनं कळतं, माणूस दारात येतो, आणि तो येईपर्यंत कुणाचं ऐकायचं नाही. वहिनीनं मान हलवली. सून, वय लहान पण डोकं जाग्यावर, तिनं विचारलं की माणूस आला तर तो काय घालून येतो. मी वर्दी म्हणालो. ती बरं म्हणाली आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

त्या दिवशी दुपारी मी गेटवर होतो. आत येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरनं चहा पिता पिता मोबाईल माझ्यापुढं धरला. तुमच्याच भागातला जवान गेला वाटतं, म्हणाला. मोबाईलवर आमचा चौक होता. चौकात बोर्ड, बोर्डावर माझा पुतण्या, गळ्यात झेंडूचा हार आणि वर "भावपूर्ण श्रद्धांजली". फोटोखाली कुणीतरी हिंदीत लिहिलं होतं की सरकार आकडा लपवतंय, पण गाव रडतंय, हा घ्या पुरावा. मी ड्रायव्हरला काय बोललो ते आठवत नाही. पहिला फोन मी माझ्या जुन्या पलटणीतल्या सोबत्याला लावला, दुसरा सैनिक कार्यालयात. दोन्हीकडं अशी कसलीही बातमी नव्हती. कार्यालयातल्या साहेबांनी तर मलाच विचारलं की तुमच्या गावाला कुणी कळवलं. घरचा फोन कुणी उचलेना, मग गाडीला किक मारली आणि इचलकरंजीवरनं गावाकडं सुटलो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात होती. हा फोटो जर ट्रकच्या ड्रायव्हरपर्यंत आलाय, तर तो चौकीपर्यंतही जाणार. पोरगा मागं बघायला लागणार.

झालं होतं ते असं. सकाळी गावाच्या ग्रुपवर एक क्लिप आली. धूर, पडलेल्या भिंती आणि हिंदीतला एक आवाज. त्या आवाजानं पलटणीचं नाव बरोबर घेतलं, भाग बरोबर सांगितला आणि शेवटी माझ्या पुतण्याचा फोटो दाखवला. खऱ्याचं अंथरूण अगदी नीट घातलेलं. फोटोच्या कोपऱ्यात मंडळाच्या वाघाचा पंजा दिसत होता. आपलाच बोर्ड आपल्याला दाखवून आपल्याला रडवतायत, हे डोळे असलेल्या कुणालाही कळलं असतं. पण बघायला कुणाला सवड होती? शेजारच्या गावाआधी आपला बोर्ड लागला पाहिजे होता.

चौकात पोचलो तर दुकानं बंद, स्पीकरवर देशभक्तीची गाणी. पलीकडं शाळेच्या मैदानात जेसीबी घरघरत होता. मी विचारलं, हे कशाला, तर अंत्यसंस्काराची जागा सपाट करतोय, म्हणाले. मंत्री येतील, गाड्या लागतील, ऐनवेळी धावपळ नको. माणूस सीमेवर जिवंत उभा आहे आणि गाव त्याच्या सरणाची जागा जेसीबीनं सारखी करतंय. मी अध्यक्षाला कॉलरला धरला असता, पण तेवढ्यात आमच्या गल्लीतनं वहिनीचा हंबरडा ऐकू आला.

घरात पाय टाकला आणि पायाखाली काचा वाजल्या. हिरव्या काचा. बायका गोल करून बसलेल्या, मधे वहिनी, आणि तिच्यापुढं सून, भिंतीला पाठ लावून. सुनेचा डावा हात रिकामा होता आणि मनगटातनं रक्त येत होतं. उजवा हात तिनं पदराखाली पोटाशी दाबून धरला होता आणि दोन बायका तो ओढत होत्या. याच गावानं दोन पावसाळ्यांमागं ग्रामसभेत ठराव केला होता की नवरा गेला तरी बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्या ठरावाचाही बोर्ड लावला होता. फोटो काढताना पुढच्या रांगेत ज्या बायका होत्या, त्याच आता हात ओढत होत्या.

सून रडत नव्हती. ती एकच वाक्य म्हणत होती.

"वर्दीतला माणूस दारात येऊ दे. मग फोडा."

मी ओरडलो. एवढा आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो. बायका उठल्या, कुणी दारात गेल्या, कुणी चुलीकडं. माझ्या बायकोनं सुनेच्या मनगटाला चिंधी बांधली. ती मघापासून तिथंच होती आणि त्या उजव्या हाताला तिनंच पदराच्या आतनं धरून ठेवलं होतं, हे मला मागनं कळलं. मी वहिनीपुढं बसलो आणि विचारलं की तुम्हाला कुणी सांगितलं. वहिनीला वाचता येत नाही. क्लिप तिनं पाहिलीही नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "भावजी, चौकात बोर्ड लागलाय. गाव खोटं कशाला बोलंल?"

पलटणीकडं अशी कसलीही बातमी नाही, पोरगा आहे, एवढं तिला दोनदा सांगितलं. चौकात परत गेलो आणि अध्यक्षाला तोच प्रश्न केला. तो म्हणाला, क्लिप आली तेव्हा खात्री नव्हती, पण तुमच्या घरात रडारड सुरू झाल्यावर छापायला टाकला. घर रडलं कारण चौकात बोर्डाची बोलणी सुरू झाली, आणि बोर्ड लागला कारण घर रडलं. मधे कुणी एकानं पलटणीला फोन लावला असता तर तिथंच मिटलं असतं. पण फोन लावला तर बातमी खोटी निघण्याची भीती! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितला. पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता.

मी बोर्डाच्या दोऱ्या विळ्यानं कापल्या. जमाव खवळला. हुतात्म्याचा अपमान, माजी सैनिक असून लाज वाटत नाही, असं काय काय बोलले. चारदोघांनी त्याचंही शूटिंग केलं आणि तेही ग्रुपवर सोडलं. मी म्हणालो, सोडा, सगळं सोडा, पलीकडचे वाटच बघतायत. मग खाली पडलेल्या बोर्डावर उभं राहून कार्यालयाचा फोन स्पीकरवर लावला आणि साहेबांच्या तोंडून सगळ्यांना ऐकवलं की असं काहीही घडलेलं नाही.

तेव्हा कुठं लोक गप्प झाले. पण गप्प बसणं आमच्या गावाला जमत नाही. आता नवा प्रश्न निघाला की शत्रूकडं फोटो गेलाच कसा. आणि क्षणात सगळ्यांची तोंडं कोपऱ्यावरच्या छपाईच्या दुकानाकडं वळली. छपाईवाला मुसलमान. आमच्या गावात त्याची ही चौथी पिढी, माझ्या लग्नाची पत्रिका त्याच्या बापानं छापलेली. पहिला बोर्ड त्यानं छापला, म्हणजे फोटो त्याच्याकडं होता, म्हणजे त्यानंच पाठवला! हेच लोक सकाळी त्याच्याकडं श्रद्धांजली छापायला गेले होते. "खात्री केलीया न्हवं?" एवढं त्यानं विचारलं होतं, तर तुझं काम छापायचं, असं त्याला सुनावलं होतं. अख्ख्या गावात विचारणारा तो एकटा, आणि संध्याकाळी फितूर ठरला तोच. दोन दगड त्याच्या शटरवर बसलेसुद्धा. मी जाऊन त्या शटरला पाठ लावून बसलो आणि अध्यक्षाला म्हणालो, आधी तुझा मोबाईल दे, तुझं स्टेटस बघू. त्यानं मोबाईल दिला नाही. पोरं हळूहळू पांगली. ती क्लिप बनवणाऱ्याला एका जवानाचं घर हलवायचं होतं, आम्ही त्याला सोबत गावातलं भांडणही फुकट देऊ केलं.

पुढं बऱ्याच दिवसांनी, सगळं निवल्यावर, पुतण्या सुट्टीला आला. अध्यक्ष माझ्याकडं आला आणि स्वागताचा बोर्ड लावायची परवानगी मागू लागला. फोटो तोच, फक्त हार काढायचा, म्हणाला, खर्चही वाचंल. मी त्याला काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुणीही त्या छपाईवाल्याची माफी मागितलेली नाही. कुणीही वहिनीच्या दारात येऊन चुकलं म्हणालेलं नाही. सुनेच्या दोन्ही हातांत तेव्हा चुडा होता, पण डाव्या हातातल्या हिरव्याचा रंग उजव्याशी जुळत नव्हता. पुतण्यानं ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. मला कळलं की त्याला कळलंय.

कारण विचारायचं ते त्यानं आधीच विचारलं होतं. बोर्ड उतरवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मी गेटवर गेलो नव्हतो. सुनेला बांगड्या भरून घे म्हणून बायकोनं सांगून बघितलं होतं, पण नवऱ्याचा आवाज ऐकल्याशिवाय भरणार नाही, असं तिनं धरलं होतं. डाव्या मनगटावर चिंधी तशीच. तेवढ्यात वहिनीच्या मोबाईलवर अनोळखी नंबर वाजला. मी उचलला.

"तात्या, मी हाय," पुतण्या म्हणाला.

मी स्पीकर चालू केला. आवाज त्याचाच होता, पण त्यातला जोर गेलेला. त्यानं सांगितलं की बोर्डाचा फोटो तिथं पोचलाय, बरोबरच्या पोरांच्या घरनं आला, सगळ्यांनी बघितला. साहेबांनी त्याला मुद्दाम फोन लावायला खाली आणलं होतं, कारण काल रात्रीपासून त्याचं कामात लक्ष नव्हतं. मला तो नदीकाठचा जवान आठवला. आईशी तो दोन शब्द बोलला. मग म्हणाला, तिला द्या.

सून फोनजवळ आली. त्यानं विचारलं, "बांगड्या हायत काय हातात?"

"हायत की," सून म्हणाली.

"वाजवून दाखीव."

तिनं उजवा हात फोनजवळ नेऊन हलवला. बांगड्या किणकिणल्या. तो ऐकत होता, त्याचा श्वास आम्हाला ऐकू येत होता.

"आन दुसऱ्या हातातल्या?"

वहिनीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सून आपल्या रिकाम्या मनगटाकडं बघत होती. मी आयुष्यभर भोंग्याच्या बॅटऱ्या भरलेला माणूस, पलीकडच्यांना काय ऐकवायचं ते मला ठाऊक होतं, आणि आपल्याच पोराला काय ऐकवावं ते सुचत नव्हतं. माझी बायको पुढं झाली. तिनं सुनेच्या चिंधीच्या हाताला एका हातानं घट्ट धरलं आणि आपला दुसरा हात, हिरव्या चुड्याचा, फोनला लावून जोरात हलवला.

तिकडनं मोठा सुस्कारा आला.

"मग बरं हाय," पुतण्या म्हणाला. "आता फुडं बघतो."

फोन कट झाला. माझी बायको तरीही हात हलवतच होती.